पाणबुड्याचा साज आणि शरीराची तक्रार

समुद्राच्या तळाशी उतरण्याच्या मानवी प्रयत्नांचा इतिहास बहुधा खोलीच्या मापाने सांगितला जातो. कोणत्या साली कोण किती वाव खाली गेला याची कोष्टके दिली जातात, आणि त्यांवरून वाचकाचा असा समज होतो की, या विद्येची प्रगती म्हणजे अधिकाधिक खोल जाण्याची शर्यत होय. प्रस्तुत लेखात याच इतिहासाकडे निराळ्या बाजूने पाहावयाचे योजिले आहे. पाण्यात उतरलेल्या माणसाला काय आवळले, काय टोचले, कशाने तो गारठला, आणि साहित्य घडविणाऱ्यांनी त्या तक्रारींची दखल कशी घेतली, हा येथील प्रश्न आहे. आज स्कूबाचे साहित्य निवडताना व ते अंगाबरोबर बसविताना जे नियम शिकविले जातात, त्यांचा उगम या तक्रारींत आहे.

प्रारंभी शब्दांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. ‘स्कूबा’ हा शब्द इंग्रजी आद्याक्षरांपासून बनलेला असून तो १९५० नंतरच्या दशकात रूढ झाला. श्वासाची सोय स्वतःजवळच बाळगणारे पाण्याखालील उपकरण, हा त्याचा अर्थ. मराठीत ‘पाणबुड्या’ हा शब्द उपकरणावाचून बुडी मारणाऱ्यालाही लागू पडतो. बुडी या अर्थाचा ‘गोता’ हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. परंतु मराठीने तो ‘गोत्यात येणे’ या प्रयोगात संकटाच्या अर्थी अधिक वापरला. ‘कम्फर्ट’ या इंग्रजी शब्दाला मात्र मराठीत नेमका एक प्रतिशब्द नाही. सोय, आराम, सुख हे तिन्ही शब्द जवळचे असले, तरी त्यांत ऐषआरामाची छटा डोकावते. पाणबुड्याच्या संदर्भात ‘जे सोसावे लागत नाही ते’ हीच व्याख्या अधिक उपयोगी ठरेल. कारण पाण्याखाली माणूस जे काही सोसत असतो, त्याकडे त्याचे लक्ष वेधले जाते. आणि तेवढे लक्ष श्वास, खोली व सोबती यांवरून उडते. म्हणून या क्षेत्रात सुखावहपणा हा सुरक्षिततेचाच भाग होय.

१

इंग्लंडमधील डेव्हन परगण्यातील जॉन लेथब्रिज या लोकरीच्या व्यापाऱ्याने १७१५ साली एक लाकडी पिंप तयार करविले. ते सुमारे सहा फूट लांब होते. डोक्याकडचा व्यास अडीच फूट व पायांकडचा दीड फूट. आत पालथे पडावयाचे, जाड काचेच्या झरोक्यातून तळ पाहावयाचा आणि दोन भोकांतून हात बाहेर काढून काम करावयाचे, अशी ती योजना होती. हातांभोवती चामड्याच्या बाह्या घट्ट आवळलेल्या असत. ताजी हवा न घेता आपण चौतीस मिनिटे आत राहू शकतो, दहा वावांपर्यंत शेकडो वेळा गेलो आहोत, पण बारा वावांवर फार कष्ट पडतात, असे त्याने स्वतः नमूद केले आहे. हे त्याचे निवेदन १७४९ साली एका लंडनच्या मासिकात प्रसिद्ध झाले.

या बारा वावांच्या मर्यादेचे कारण उघड आहे. पिंपातील हवा पृष्ठभागावरच्याच दाबाची होती. बाहेर आलेल्या हातांवर मात्र त्या खोलीचा पूर्ण दाब पडत होता. दर दहा मीटरला सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्या आवळलेल्या दंडांची अवस्था कल्पिता येते. येथे शरीराचे दोन तुकडे दोन निरनिराळ्या दाबांच्या प्रदेशांत ठेवले गेले होते. ‘वाव’ हे माप पसरलेल्या दोन हातांचे. इंग्रजीतील ‘फॅदम’ या शब्दाचा मूळ अर्थही तोच. ज्या हातांनी खोली मोजली जात असे, त्या हातांनीच या यंत्राची मर्यादा ठरविली. यानंतरच्या सर्व यशस्वी रचनांनी जो धडा घेतला तो हा की, शरीराच्या आतील व बाहेरील दाब सर्वत्र समान ठेवला पाहिजे.

२

हा धडा प्रथम शिरस्त्राणाच्या पोषाखाने व्यापक प्रमाणावर अमलात आणला. चार्ल्स डीन याने १८२३ साली धुरात शिरणाऱ्या अग्निशामकांसाठी एका शिरस्त्राणाचे एकस्व मिळविले होते. पुढे त्याने व त्याचा भाऊ जॉन याने तेच पाण्याखाली वापरले. वरून पंपाने हवा येई व ती कमरेपाशी मोकळी होऊन बाहेर पडे. पाणबुड्या ताठ उभा असेपर्यंत हे ठीक चाले; तो ओणवा झाला किंवा पडला, की शिरस्त्राणात पाणी शिरण्याचा धोका असे. तळावर काम करणाऱ्या माणसाने वाकू नये, ही अट पाळणे किती कठीण आहे हे सांगावयास नको. लंडनमध्ये स्थायिक झालेल्या ऑगस्टस झीबे या जर्मन कारागिराने १८३० नंतरच्या दशकात शिरस्त्राण रबरी कापडाच्या संपूर्ण पोषाखाला पक्के जोडले, तेव्हा माणसाला पाण्याखाली वाकण्याची मुभा मिळाली. शिरस्त्राण, छातीपाठीवरील शिशाची वजने व शिशाच्या तळव्यांचे बूट मिळून या साजाचे वजन सुमारे ८० किलोपर्यंत जाई. तरीही तो शतकाहून अधिक काळ वापरात राहिला. पाण्यात त्याचे ओझे जाणवत नसे. अंग कोरडे व उबदार राही. आणि हवा अखंड मिळे.

परंतु या सुखाचा दुसरा भागही सांगितला पाहिजे. १७८२ साली स्पिटहेड येथे बुडालेल्या ‘रॉयल जॉर्ज’ या युद्धनौकेचे अवशेष काढण्याचे काम कर्नल पास्ली यांच्या देखरेखीखाली १८३९ ते १८४३ या काळात झाले. त्या कामावरील पाणबुड्यांना संधिवाताचे व सर्दीचे झटके वारंवार येत असल्याची नोंद झाली. आज तो आजार निराळा होता असे मानले जाते. दाबाखाली रक्तात व ऊतींत विरघळलेला नायट्रोजन, माणूस झपाट्याने वर आला असता बुडबुड्यांच्या रूपाने सुटतो व सांधे, मज्जारज्जू इत्यादींना इजा करतो. ‘संधिवात’ हे नाव देताच कारणाचा शोध थंडी व ओल यांकडे वळला. १८७० च्या सुमारास सेंट लुइस येथील पुलाच्या पायांसाठी दाबाच्या हवेत काम करणारे मजूर याच व्याधीने वाकून चालू लागले, तेव्हा त्या काळच्या एका फॅशनेबल चालीवरून त्या व्याधीला थट्टेने ‘बेंड’ असे नाव पडले. पहिल्या नावाने रोगाचे कारण चुकीचे सुचविले; दुसऱ्याने कारणाविषयी काहीच न सांगता केवळ रोग्याची ठेवण टिपली. व्याधीच्या नामकरणात अज्ञान कसे साठून राहते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

एजियन समुद्रातील सायमी, कालिम्नोस वगैरे बेटांवर स्पंज काढणारे लोक पूर्वी हातात चपटा जड दगड धरून, उघड्या अंगाने, एका श्वासात तळ गाठीत. १८६० नंतरच्या दशकात तेथे शिरस्त्राणाचा पोषाख पोहोचला. पूर्वी श्वास संपला की माणूस वर येई. थंडी वाजली की काम थांबे. आता श्वास संपत नव्हता आणि थंडीही वाजत नव्हती. परिणामी तळावरचा काळ वाढला, फेऱ्या वाढल्या, आणि अनेक तरुण पंगू झाले किंवा दगावले. बेटांवरील कुटुंबांच्या आक्रोशामुळे ऑटोमन राजवटीला या पोषाखावर काही काळ बंदीही घालावी लागली.

येथे प्रस्तुत लेखाचा मुख्य मुद्दा पुढे येतो. शरीराच्या तक्रारी दोन प्रकारच्या असतात. आवळणे, टोचणे, गळणे, गारठणे या तक्रारी शरीर तत्काळ सांगते. नायट्रोजनाचा संचय मात्र ते सांगत नाही. सांगते ते वर आल्यावर, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. पहिल्या प्रकारच्या तक्रारी दूर करणारे साहित्य नकळत दुसऱ्या प्रकारचा धोका वाढवू शकते, कारण त्या उघड तक्रारींनीच कामाला आपोआप मर्यादा घातलेली असते. हा अदृश्य धोका ओळखण्यास साहित्य पुरत नाही. त्याला शास्त्र लागते. पॉल बेर या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १८७८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बुडबुड्यांची कारणमीमांसा दिली, आणि जे. एस. हॉल्डेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी बकऱ्यांवर प्रयोग करून टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके १९०८ साली मांडली. सायमीच्या लोकांना पोषाख आधी मिळाला, कोष्टके मागाहून आली. मधल्या चार दशकांची किंमत त्यांनी मोजली.

३

शिरस्त्राणाच्या पोषाखात हवा सतत वाहत असे. माणसाच्या श्वासाशी तिचा ताल जुळलेला नसे. खाणअभियंता बेन्वा रुकेरोल व नौदलातील अधिकारी ओग्युस्त दनेरूझ या फ्रेंचांनी १८६४ साली पाठीवर हवेची टाकी व तिच्यावर पडद्याची झडप असलेले उपकरण पाण्याखाली आणले. श्वास आत ओढताच पडदा हलून भोवतालच्या दाबाची तेवढीच हवा मिळे. मागणीप्रमाणे पुरवठा हे आजच्या रेग्युलेटरचे तत्त्व तेथे प्रथमच या कामी आले. ज्यूल व्हेर्नच्या पाणबुडीवरील कादंबरीत या उपकरणाचा उल्लेख आहे तो यामुळेच. मात्र त्या टाकीत फार दाबाची हवा साठविता येत नसल्यामुळे बहुतेक वेळा वरच्या पंपाशी नळीने जोडून राहावे लागे.

या तत्त्वाला खरे स्वातंत्र्य मिळाले ते १९४३ साली. झाक-ईव्ह कुस्तो हे नौदलातील अधिकारी व एमिल गान्यां हे वायूच्या झडपांचे जाणकार अभियंते यांनी युद्धकाळात मोटारींसाठी बनविलेल्या एका झडपेत बदल करून नवे उपकरण तयार केले. जानेवारीत मार्न नदीत त्याची चाचणी झाली तेव्हा कुस्तो आडवे पोहत असताना हवा नीट मिळाली. उभे राहताच ती फुकट वाहू लागली. आणि डोके खाली करताच श्वास मिळेनासा झाला. दोष असा होता की, उच्छ्वासाची झडप हवा देणाऱ्या पडद्यापासून दूर, उभ्या स्थितीत सुमारे १५ सेंटिमीटर उंचावर होती. तेवढ्या अंतरातील पाण्याच्या दाबाचा फरक श्वास बिघडविण्यास पुरेसा ठरला. उच्छ्वासाची झडप पडद्याशेजारीच आणून बसविल्यावर शरीर कोणत्याही स्थितीत असले तरी श्वास सारखा चालू लागला. या इतिहासात एवढे लहान व एवढे निर्णायक जुळवाजुळवीचे उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. लेथब्रिजला पालथे पडून राहावे लागे, डीनच्या पाणबुड्याला ताठ उभे राहावे लागे. आता माणसाने पाण्यात कसे असावे हे यंत्र ठरवीत नव्हते.

तथापि हा रेग्युलेटर पाठीवर, मानेमागे होता. पालथे पोहताना तो फुप्फुसांच्या वर येई व श्वास किंचित जोराने ओढावा लागे. १९५२ साली मेलबर्न येथे टेड एल्ड्रेड यांनी बाजारात आणलेल्या एकनळी रेग्युलेटरात दाब उतरविण्याचे काम टाकीपाशी व मागणीप्रमाणे हवा देण्याचे काम तोंडापाशी अशी विभागणी केली होती. आज सर्वत्र हीच रचना प्रचारात आहे. तिच्यातही तक्रारीला जागा राहिलीच: तोंडापाशी आलेले वजन दातांनी धरावे लागते. नळी आखूड असल्यास ती मान वळविताच खेचते, लांब असल्यास जबड्याला ओढ बसते. तोंडात धरावयाचा रबरी भाग दातांच्या ठेवणीप्रमाणे निवडावा असे जे सांगितले जाते, ते याचसाठी.

४

डोळ्यांची कथा काहीशी स्वतंत्र आहे. १९३० नंतरच्या दशकात फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावर हौशी पोहणाऱ्यांमध्ये जलचष्म्यांची आवड पसरली. गाय गिलपॅट्रिक या अमेरिकन लेखकाने तर वैमानिकाच्या जुन्या चष्म्याला लांबी व रंग लावून आपला चष्मा तयार केला होता. दोन डोळ्यांवर दोन बंद पोकळ्या बसविल्या की खोल जाताना बाहेरचा दाब वाढतो, आतला मात्र वाढत नाही. मग डोळ्यांभोवतीची त्वचा व सूक्ष्म रक्तवाहिन्या आत ओढल्या जातात. लेथब्रिजच्या दंडांची तक्रार दोन शतकांनी डोळ्यांनी पुन्हा केली. नाकही आत घेणारा एकसंध मुखवटा आला तेव्हा नाकावाटे थोडी हवा सोडून आतील दाब सारखा करता येऊ लागला. कोरियाच्या चेजू बेटावरील हेन्यो स्त्रिया, ज्या उपकरणावाचून बुडी मारून शंखशिंपले काढतात, त्या जुन्या दोनकाची चष्म्याला ‘लहान डोळे’ व नंतरच्या एकसंध मुखवट्याला ‘मोठे डोळे’ म्हणतात.

मुखवटा निवडण्याची आजची रीत साधी आहे. पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवावा व नाकाने हलकेच श्वास ओढावा; तो जागच्या जागी चिकटून राहिला तर चेहऱ्याला बसतो असे समजावे. गळणारा मुखवटा पट्टा आवळून सुधारत नाही. अति आवळल्याने कड मुडपते व तो अधिक गळतो. मिशीचा वा केसांचा अडथळाही गळतीस पुरेसा होतो. चेहऱ्याला मुखवट्याच्या आकारात कोंबण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे, हेच या रीतीचे सार.

५

थंडीची तक्रार सर्वांत जुनी. पाणी शरीरातील उष्णता हवेच्या मानाने कितीतरी लवकर शोषून घेते. म्हणून अंग कोरडे ठेवणे हाच उपाय, असे दीर्घकाळ मानले गेले. कॅलिफोर्निया विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी १९५१ च्या सुमारास ही समजूतच बदलली. बंद बुडबुड्यांनी भरलेल्या निओप्रीनचा पोषाख घातला तर अंग भिजले तरी चालेल. ऊब टिकते ती त्या बुडबुड्यांतील वायूमुळे, हे त्यांनी ओळखले. मात्र आत शिरलेले पाणी सतत बदलत राहिले तर ते तापविण्यातच शरीराची ऊब खर्च होते. म्हणून वेटसूट अंगाला चिकटून बसला पाहिजे, पण छाती फुगण्यास व खांदा फिरण्यास अडथळा होता कामा नये. कंबर, काख व मान येथे पोकळी राहिली तर तो सैल. श्वास पुरता घेता आला नाही तर घट्ट.

चेजूच्या स्त्रियांचा जुना सुती पोषाख या दृष्टीने अभ्यसनीय आहे. तो एका बाजूने उघडा असून बंदांनी बांधावयाचा असे; त्यामुळे अंग भरले, आटले किंवा बाई गरोदर राहिली तरी तोच पोषाख सैल वा घट्ट करता येई. वापरणाऱ्यांनीच घडविलेला तो साज होता. थंडी मात्र तो अडवीत नसे. १९७० नंतरच्या दशकात त्या स्त्रियांमध्ये रबरी वेटसूट रूढ झाला व पाण्यातील कामाचे तास कितीतरी वाढले. गारठा पूर्वी ज्या वेळी त्यांना शेकोटीकडे परत आणी, त्या वेळी आता काम चालू राहू लागले. उत्पन्न वाढले आणि शरीरावरचा ताणही वाढला. सायमीची गोष्ट शंभर वर्षांनी, अर्थात पुष्कळ सौम्य रूपात, पुन्हा घडली. २०१६ साली युनेस्कोने या स्त्रियांची परंपरा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात नोंदविली. त्या परंपरेचा विचार करताना पोषाखातील हा बदल केंद्रस्थानी ठेवावा लागेल.

६

वेटसूटने आणखी एक प्रश्न उभा केला. त्यातील बुडबुडे माणसाला वर ढकलतात, म्हणून कमरेला शिसे बांधावे लागते. परंतु दहा मीटरवर दाब दुप्पट होताच ते बुडबुडे दबतात, वर ढकलणारे बल घटते व तेच शिसे जास्त होते. म्हणजे पृष्ठभागावर जुळविलेला तोल खाली टिकत नाही. मॉरिस फेन्झी यांनी १९६१ च्या सुमारास हवा भरता येणारी गळपट्टी प्रचारात आणली, आणि पुढच्या दशकात तिला जाकिटाचे रूप आले. पाण्याखाली असतानाच तोल पुन्हा जुळविता येऊ लागला. तरीही शिसे किती घ्यावे हा निर्णय वरच करावा लागतो. जवळजवळ रिकामी टाकी घेऊन, जाकिटातील हवा काढून, नेहमीइतका श्वास रोखून स्तब्ध राहिले असता पाणी डोळ्यांच्या पातळीवर यावे, ही सर्वमान्य कसोटी आहे. नवखा माणूस बुडत नाही म्हणून शिसे वाढवीत जातो. मग खाली ते पेलण्यासाठी जाकिटात हवा भरतो. वर येताना ती फुगते व त्याला वेगाने वर नेते. एका चुकीच्या जुळणीतून हॉल्डेनच्या कोष्टकांनी टाळू पाहिलेला धोका असा मागच्या दाराने पुन्हा आत येतो.

७

आज हे साहित्य महाराष्ट्राला अपरिचित राहिलेले नाही. मालवण व तारकर्लीच्या किनाऱ्यावर दरवर्षी असंख्य पर्यटक पहिली बुडी मारतात. ती बहुधा भाड्याच्या साजात असते, आणि तो साज अनेकांच्या अंगावरून गेलेला असतो. मुखवटा गालापाशी उचलला जातो, जाकीट खांद्यावरून घसरते, तोंडातला रबरी भाग हिरड्यांना टोचतो. पण रांग लागलेली असते, आणि ‘चालेल’ असे म्हणून माणूस नावेच्या काठावर बसतो. या लेखातील विवेचनाचा व्यवहारात उपयोग असेल तर तो या ‘चालेल’ शब्दापाशी आहे.

पाण्याखाली बोलता येत नाही. तेथे जी खुणांची भाषा आहे तिचा शब्दसंग्रह अत्यंत तुटपुंजा आहे: ठीक आहे, वर चला, थांबा. तळहात डोलविला की काही तरी बिघडले आहे, आणि मग कानाकडे बोट केले की कान दुखतो. मुखवटा कोठे व किती गळतो, पट्टा का रुततो, श्वास कोणत्या स्थितीत जड जातो, हे सांगण्यास त्या भाषेत साधन नाही. म्हणून शरीराच्या उघड तक्रारी पाण्याबाहेरच, शब्दांत, सविस्तर मांडल्या गेल्या पाहिजेत. आणि ज्या तक्रारी शरीर बोलूनच दाखवीत नाही, त्यांच्यासाठी कोष्टकांचे व वेळेचे बंधन, कितीही बरे वाटत असले तरी, पाळले पाहिजे. साज अंगाला बसला म्हणजे पहिली जबाबदारी संपते व दुसरी सुरू होते. सायमीच्या पाणबुड्यांना पहिलीच सोय मिळाली होती. दुसरी कोणी सांगितलीच नव्हती.